एलोदियाच्या हातचं पाणी

सान सिमोनमध्ये कुणाचं जिरेनियम सुकलं, कुणाच्या लिंबावर कीड पडली, कुणाचा गुलाब रुसला की निरोप एकाच दारी जायचा, दोन्या म्हणजे बाईसाहेब एलोदियाच्या. एलोदिया यायची, हात पाठीशी बांधून झाडाभोवती एक फेरी मारायची, मातीत करंगळी खुपसून ती नाकाशी न्यायची आणि मोठा डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांना बाजूला घेतो तसं घरच्या बाईला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगायची, "पाणी कमी पडतंय."

तिच्या वैद्यकीत औषध हे एवढंच. किडीला पाणी, रुसव्याला पाणी, पानं पिवळी पडली तर पाणी आणि फारच हिरवी झाली तर जपून राहावं म्हणून पाणी. गंमत म्हणजे ते लागूही पडायचं. सान सिमोन हे खाणीवर जगलेलं डोंगरातलं गाव. इथले लोक झाडाला पाणी घालणार ते आठवण झाली तर, आणि आठवण व्हायची पुढच्या रविवारी. त्यामुळे दहातली आठ झाडं खरोखरच तहानेने मरायला टेकलेली असत. उरलेली दोन एलोदियाच्या पाण्याने मरत. पण ती मेली की घरची बाई हळहळून म्हणायची, "दोन्याला बोलवायला मीच उशीर केला हो!"

अशा रीतीने एलोदियाच्या हाताला गुण आहे, हे गावात पक्कं झालं. कुणी ते पक्कं करायला विसरलाच, तर ती स्वतः आठवण करून द्यायची.

तिच्या अंगणात साठ-पासष्ट झाडं होती आणि कुंडी मात्र एकही नव्हती. लोणच्याच्या मिरच्यांचे डबे, रंगाचे डबे, टवके उडालेला इनॅमलचा टोप, आणि नवऱ्याचे खाणीतले रबरी बूट: डाव्यात कोरफड, उजव्यात पुदिना. सकाळी दारापुढचा रस्ता झाडून, त्यावर सडा घालून झाला की बादली घेऊन अंगणात दोन फेऱ्या. संध्याकाळी पुन्हा एक. नवरा वेन्सेस्लाओ, ज्याला सगळे वेन्चे म्हणत, एकतीस वर्षं खाणीतल्या पंपावर होता. तो भिंतीला खुर्ची टेकून पुल्के या आंबूस दारूचा पेला हातात धरून हा सोहळा पाहत बसायचा.

"एकतीस वर्षं मी डोंगराच्या पोटातलं पाणी बाहेर काढलं," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "आता बायको ते परत भरते आहे."

"तू काढलंस म्हणून तर डोंगर सुकला, म्हाताऱ्या!" एलोदिया बादली न थांबवता म्हणायची. "पाय वर घे. बूट समजून तुझ्यावरही घालीन."

तो पाय वर घ्यायचा. ती घालायला कमी करणार नाही हे चाळीस वर्षांच्या संसारात त्याला कळलं होतं.

एलोदियाचं खरं राज्य मात्र वर्षातून एकाच दिवसाचं. पवित्र आठवड्याच्या आधीचा शुक्रवार दोलोरेस मातेचा, म्हणजे शोक करणाऱ्या माउलीचा. त्या दिवशी देवळात सात पायऱ्यांची आरास होते. जांभळे कागद, आंबट संत्र्यांत खोचलेल्या सोनेरी पताका, ताटल्यांत उगवलेला गहू आणि गावभरच्या बायकांनी आणलेली झाडं. कुणाची झाडं कुठल्या पायरीवर, यावरून गावात कोण कुठल्या पायरीवर आहे ते कळतं. आणि माउलीच्या थेट पायाशी ज्या बाईचे डबे, तिलाच देवळाच्या अंगणात चियाचं सरबत वाटायचा मान. लोक रांगेने येऊन विचारतात, "माउली रडली का?" ती बाई म्हणते, "रडली, रडली," आणि पेला भरून देते. ते सरबत म्हणजे माउलीचे आसू. एकोणीस वर्षं हे आसू एलोदियाच्या हातचे होते. साखर जरा जास्तच असायची, पण आसवांना कोण नावं ठेवणार?

विसाव्या वर्षी मिकाएला आली.

मिकाएला शेजारच्याच घरातली. पास्ते करून विकायची, म्हणजे बटाटा आणि खिमा भरलेल्या त्या जाड मुरडीच्या करंज्या, ज्या एके काळी खाणीत जेवणाच्या डब्याऐवजी जायच्या. एलोदियाच्या मुलीची ती धर्ममाता, त्यामुळे दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. हे नातं सख्ख्या बहिणींपेक्षा मोठं आणि कितीतरी जास्त अवघड. लहानपणी एका ओढ्यात पोहलेल्या, एकमेकींच्या झिंज्या उपटलेल्या या दोघी बाप्तिस्म्याचं पाणी पोरीच्या डोक्यावर पडलं त्या क्षणापासून 'अहो-जाहो' करू लागल्या. तो रिवाजच आहे. भांडणही मग 'अहो-जाहो'त करावं लागतं. त्याने भांडण कमी होत नाही, फक्त लांबतं.

तर मिकाएला त्या शुक्रवारी सार्डिनचा एक चपटा डबा घेऊन आली आणि शेवटच्या पायरीच्या कोपऱ्यात ठेवून बसायला निघून गेली, कारण तिचे गुडघे दुखत होते. डब्यात कड्यावरची विओलेता होती. ओढ्यापलीकडच्या उत्तरेकडे तोंड केलेल्या पांढऱ्या कड्यावर ही उगवते. जमिनीला चिकटलेली पानांची एक चक्री, आणि तिच्यातून केसाएवढ्या देठावर एकच जांभळं फूल. पाच-सहा फुलं होती, बस. पण फादर आरास पाहत पाहत आले ते एलोदियाच्या बावीस जिरेनियमांवरून पुढे गेले आणि त्या डब्यापाशी थांबले. वाकले. "किती सुंदर!" म्हणाले. आणि जाताना पुन्हा मागे वळून पाहिलं.

ते मागे वळून पाहणं एलोदियाच्या काळजात काट्यासारखं बसलं. सरबत वाटताना त्या दिवशी तिने तिघांना रिकामे पेले दिले.

सरबत संपताच ती सेक्रिस्तानाकडे गेली. सेक्रिस्तान म्हणजे देवळाच्या किल्ल्या, मेणबत्त्या आणि आगाऊपणा सांभाळणारा देवळाचा सेवक, दॉन फिदेन्सियो. आजूबाजूला पंधरावीस बायका आहेत याची खात्री करून ती मोठ्याने म्हणाली, "दॉन फिदेन्सियो, लिहून ठेवा. पुढच्या वर्षी माउलीच्या पायाशी माझे बारा डबे. बारा. विओलेतांचे. फुललेले."

"बारा?" फिदेन्सियोने पेन्सिल कानामागून काढली. "कड्यावरची फुलं घरी लागत नाहीत म्हणतात."

"तुमच्या हातची लागत नसतील."

"आणि डब्यांना खालून भोकं नकोत," फिदेन्सियो लिहिता लिहिता म्हणाला. "यंदा तुमच्या जिरेनियमांनी जरीच्या कापडावर मातीचे ओघळ काढलेत. आणि नाही फुलली तर पायाशी कुणाला बसवू, तेही सांगून ठेवा."

"नाही फुलली," एलोदिया म्हणाली, "तर मी आयुष्यात पुन्हा झाडाबद्दल तोंड उघडणार नाही."

बायकांनी क्रूस काढला. एवढी मोठी आशा गावाने बऱ्याच वर्षांत केली नव्हती.

आता विओलेता आणायच्या कुठून? मिकाएलाकडे मागितल्या असत्या तर तिने डब्यासकट दिल्या असत्या. पण मागून आणलेलं रोप जगत नाही आणि चोरून आणलेलं हमखास लागतं, हे सान सिमोनमध्ये लहान पोरालाही ठाऊक आहे. म्हणून एलोदिया दुसऱ्या दिवशी मिकाएलाकडे कॉफी प्यायला गेली. मिकाएला आत साखर आणायला वळली, की हिने एक पान खुडून शालीत टाकायचं. साखर झाली, मग दालचिनी हवी झाली, मग चमचा पडला.

"कोमाद्रे, आज तुम्हाला फारच काय काय लागतंय," मिकाएला आतून म्हणाली. "पानं मुळापासून ओढा. अर्ध्यात तुटलं की पान कुजतं."

एलोदिया दारातच थिजली. "कसली पानं?"

"ती तुमच्या शालीला चिकटलीत ती."

विओलेताचं पान तुपकट असतं, बोटाला लागलं की सुटत नाही. एलोदियाच्या काळ्या शालीवर खांद्यापासून कमरेपर्यंत पदकं लावल्यासारखी चौदा पानं लागली होती. ती तशीच ताठ मानेने घरी गेली. वाटेत वेन्चेने तिला पाहून सलाम ठोकला.

पण लागली! खरोखर लागली. या झाडाचं एकच पान ओल्या मातीवर नुसतं आडवं ठेवलं तरी त्याच्या बुडाशी पिल्लं फुटतात, ही त्या झाडाची स्वतःची अक्कल. एलोदियाने ती आपल्या खात्यावर घेतली. दुधाच्या पावडरीचे बारा डबे जांभळे रंगवले, खाली एकही भोक न पाडता त्यांत रानातली काळी, मऊ, पाणी धरून ठेवणारी माती भरली, आणि पिल्लं लावली. जूनमध्ये पाऊस सुरू झाला. पावसाळ्यात विओलेताला पाण्यात पाय सोडून बसायला आवडतंच. वरून पाऊस, पागोळ्या, आणि त्यातही एलोदियाची बादली. पानं तळहाताएवढी झाली. वेन्चेच्या पुल्केवर घोंगावणारी चिलटं आता डब्यांकडे वळली आणि पानांवर चिकटून मरू लागली. माउलीच्या पायाशी मेलेली चिलटं बरी दिसणार नाहीत म्हणून एलोदिया केसातल्या पिनेने ती एकेक वेचून काढायची. झाड रात्रीतून नवी पकडायचं.

"अगं, जेवतंय ते," वेन्चे म्हणाला. "त्याच्या ताटातलं का काढतेस?"

"माउलीला वाहायचं झाड मांसाहारी नसतं!"

ऑक्टोबरात मिकाएला दोन्ही हातांत पास्त्यांच्या टोपल्या घेऊन दारावरून चालली होती. थांबली, डबे पाहिले. "छान झालीत हो, कोमाद्रे," म्हणाली. आणि गेली. हे वाक्य एलोदियाने त्या वेळी कौतुक म्हणून ठेवून घेतलं.

नोव्हेंबराच्या सुरुवातीचे मृतांचे दिवस झाले, झेंडूचे हार वाळले आणि पाऊस थांबला. एका सकाळी एलोदिया बादली घेऊन आली तर विओलेतांची मोठी पानं मलूल होऊन कडेला लोळत होती. मधोमध नुसता एक लहानसा, घट्ट गड्डा उरला होता, जाड जाड चिमुकल्या पानांचा, मिटलेल्या मुठीसारखा. चिकटपणा गेला होता. चिलटं मजेत हिंडत होती.

खरं तर थंडी आली की ही झाडं अशीच मिटतात. जेवण बंद, पाणी बंद, अंग आवळून पाऊस येईपर्यंत झोप. पण झोप ही गोष्ट एलोदियाला माणसातही आवडत नसे. तिने कमरेवर हात ठेवून निदान केलं: दृष्ट लागली.

बाराही डब्यांना लाल फिती बांधल्या. तीन फेऱ्यांच्या सहा झाल्या. डिसेंबरात ती सगळी पलटण स्वयंपाकघरात चुलीजवळ आली. वेन्चेला त्याच्या खुर्चीवरून उठवून तिथे तीन डबे बसले. थंडीत त्यांना कोमट पाणी मिळू लागलं, वेन्चेला मात्र अंघोळीला गार. भोक नसलेल्या डब्यांत काळी माती चिखल झाली, चिखलाचा रबरबाट झाला, आणि ते घट्ट गड्डे एकेक करून तपकिरी, बुळबुळीत होत गेले. बाराचे नऊ उरले. नऊचे पाच.

मग एलोदियाने अंडं काढलं. कच्चं अंडं प्रत्येक डब्यावरून क्रूस काढत फिरवलं, पेल्यात फोडलं आणि उजेडात धरलं. पांढऱ्यात एक बुडबुडा होता.

"डोळा!" ती म्हणाली.

"बुडबुडा," वेन्चे म्हणाला.

"डोळा आहे! बघ, तिरपा बघतोय. बाईचा आहे."

"अंड्यातही तुला शेजारीणच दिसायची."

त्याने चेष्टेत म्हटलं आणि एलोदियाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दृष्ट कुणाची लागते? जो कौतुक करतो आणि हात लावत नाही त्याची. हात लावला की दृष्ट उतरते, म्हणून तर बाळाला गोड म्हटलं की गालाला बोट लावायचं. ऑक्टोबरात कोण म्हणालं होतं "छान झालीत"? आणि कुणाच्या दोन्ही हातांत टोपल्या होत्या?

उपाय सोपा होता. मिकाएलाने येऊन झाडांना हात लावायचा. पण कोमाद्रेला "तुमची दृष्ट लागली, येऊन उतरवून जा" म्हणणं म्हणजे बाप्तिस्मा मोडण्यासारखं. तेव्हा एलोदियाने तिला कॉफीला बोलावलं. मिकाएला आली, टेकली, गुडघे चोळले.

"कोमाद्रे, जरा तो डबा इकडे देता?" एलोदिया सहज म्हणाली.

मिकाएलाने डबा उचलला. तो दगडासारखा जड लागला, हात कलला आणि कोमट चिखलपाणी तिच्या स्कर्टवर ओघळलं.

"अहो कोमाद्रे!" ती उठून उभी राहिली. "ही बुडालीत!"

"बुडाली नाहीत. लागलीत. दृष्ट."

"कुणाची?"

एलोदिया चुलीकडे बघत राहिली. मिकाएलाने लाल फिती पाहिल्या, अंड्याचा पेला पाहिला, हातातला डबा पाहिला आणि तिला सगळं समजलं.

"असं होय," ती म्हणाली. "म्हणजे मला कॉफीला नाही, डब्याला हात लावायला बोलावलंत."

"कॉफी पण आहे."

"थंडीत यांना थेंब द्यायचा नसतो. कड्यावर कोण जातं बादली घेऊन? चुनखडीचे खडे, वाळू, चिमूटभर शेवाळ, आणि डब्याला खिळ्याने पाडलेली भोकं. पावसाळ्यात ठिबकतं ते खातं, पितं. मृतांच्या दिवसानंतर मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. थंडीत माझे गुडघे धरतात, नळापर्यंत कोण उतरेल?"

"म्हणजे आळशीपणा करता आणि त्याला ज्ञान म्हणता!"

"आणि तुम्ही खून करता आणि त्याला माया म्हणता!"

"कोमाद्रे, तोंड सांभाळा तुमचं!"

"सांभाळतेच आहे. 'अहो' म्हणतेय अजून!"

मिकाएला स्कर्ट झाडत निघून गेली. एलोदियाने उरलेल्या डब्यांना लगेच एकेक भांडं पाणी घातलं, ती असलं काही ऐकून घाबरली असतील म्हणून. फेब्रुवारी उजाडेपर्यंत बाराही डब्यांत नुसता चिखल होता.

फेब्रुवारीतच मिकाएलाला गुडघ्यांसाठी तीन आठवडे पाचूकाला लेकीकडे जावं लागलं. भांडण असो नाहीतर नसो, कोमाद्रेच्या कोंबड्या उपाशी ठेवता येत नाहीत. मिकाएलाने किल्ली आणून दिली आणि एलोदियाकडे न बघता म्हणाली, "कोंबड्यांना मका आणि पाणी. बाकी कशाला हात लावू नका."

एलोदिया पहिल्याच दिवशी गेली. छपराखालच्या फळीवर मिकाएलाचे सार्डिनचे नऊ डबे होते, पांढऱ्या खड्यांनी भरलेले, वाटीतल्या भाजलेल्या मिठासारखे कोरडे. प्रत्येकात तेच मिटलेले गड्डे. तिने करंगळी खुपसली. नखात धूळ आली. तिला खरोखरच वाईट वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ फार बरं वाटलं. ही तर मेलीच! आपली पाण्याने गेली म्हणे. हिची कशाने गेली मग? मरू देत. पुरती मरू देत. शुक्रवारी गाव बघेल की कड्याची फुलं कुणाच्याच हातून लागत नाहीत. आणि ज्या एलोदियाने आयुष्यात तहानलेल्या झाडाला पाठ दाखवली नव्हती, तिने निव्वळ आकसापोटी त्या डब्यांना थेंबभर पाणी घातलं नाही. विओलेतांची इतकी चोख निगा तिने याआधी कधी राखली नव्हती.

दोन आठवडे झाले. एका सकाळी कोंबड्यांची बादली घेऊन ती आली आणि थबकली. मधल्या डब्यातल्या एका गड्ड्यातून केसाएवढा देठ वर आला होता. टोकाला मान खाली घातलेली जांभळी कळी. शेजारच्या डब्यात दोन.

एलोदियाने इकडेतिकडे पाहिलं. कोंबड्यांखेरीज कुणी नव्हतं. हातात भरलेली बादली होती. आता एका बादलीने काय होतं हे तिच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या घरी त्याचे बारा पुरावे होते. आणि कुणी बोल लावलाच तर उत्तरही तयार होतं: बिचारी तहानलेली दिसली, म्हणून घातलं. सगळ्या गावाने मान डोलावली असती. तिने बादली उचलली. फळीच्या उंचीपर्यंत आली.

मग तिने कळीकडे पाहिलं. जवळून, कारण डोळे आता जरा अधू झाले होते. पाकळीच्या घडीत अजून उलगडायची राहिलेली एक पांढरी रेघ होती.

तिने बादली खाली ठेवली. कोंबड्यांचं भांडं इतकं भरलं की त्या दिवशी कोंबड्यांना पोहता आलं असतं. एलोदियाने वाटेत थांबवलेली तिच्या आयुष्यातली ही एकमेव बादली. आणि ती पाहायला, नेमकं त्याच दिवशी, गावातलं कुणीही नव्हतं.

शुक्रवारच्या आदल्या दिवशी ती मिकाएलाच्या दारात उभी राहिली. मिकाएला परत येऊन पिठाचे गोळे करत होती.

"माझी बाराही गेली," एलोदिया म्हणाली.

"ठाऊक आहे. वेन्चेने आठ दिवसांपूर्वीच सगळ्यांना सांगितलं."

"म्हाताऱ्याला बघतेच." तिने छपराखालच्या फळीकडे बोट केलं. "तुमची फुललीत."

"बघितली."

"मी फिदेन्सियोला सांगायला चालले आहे. तुमचे डबे पायाशी ठेवा म्हणून. आणि सरबतही तुम्हीच..."

"देवळाच्या बावीस पायऱ्या आहेत, कोमाद्रे. पाचूकाच्या डॉक्टरने चढू नको म्हटलंय. तुम्हीच न्या. तीन आठवडे तुमच्याकडेच तर होती." मिकाएलाने पिठाचा हात कपाळाला लावला. "फक्त चालताना हलवू नका. आणि वाटेत पाणी शिंपडू नका."

शुक्रवारी सकाळी एलोदिया लाकडी खोक्यात नऊ डबे घेऊन गावातून निघाली. त्यांवर तीस-बत्तीस जांभळी फुलं हलत होती. खिडक्या उघडल्या. देवळापाशी पोचेपर्यंत मागे बायकांची मिरवणूक झाली होती.

"तीन कमी आहेत," फिदेन्सियो मोजून म्हणाला. मग फुलं बघून त्याने पेन्सिल कानामागे ठेवली. "पण दोन्या, मानलं. हाताला गुण म्हणतात तो हाच!"

"हाच!" बायका म्हणाल्या.

आयुष्यभर हे वाक्य ऐकलं की एलोदियाची मान आपोआप उंच व्हायची. आज ती झाली नाही. पान चोरणं वेगळं. त्याला रिवाज आहे. दुसरीचं फूल आपलं म्हणून माउलीच्या पायाशी ठेवणं, याला कुठलाही रिवाज सापडेना. आसवांनी डबडबलेल्या मेणाच्या चेहऱ्याने माउली तिच्याकडेच बघत होती.

"माझी नाहीत," एलोदिया म्हणाली.

"काय?"

"ही मिकाएलाची आहेत. माझी बारा मी मारली. पाणी घालून घालून कुजवली." तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला, म्हणून तिने तो चढवला. "ऐकलंत का? यांना थंडीत पाणी घालायचंच नसतं! मी काही केलं नाही. नुसतं बघत राहिले. आणि बघितलं तेही वाईट मनाने!"

फिदेन्सियोने डोकं एका बाजूला कलवलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक शहाणं हसू आलं.

"बघा," तो बायकांकडे वळून म्हणाला, "याला म्हणतात नम्रता."

"आणि गुपित कसं झाकलं बघ," एक बाई दुसरीला म्हणाली. "पाणी घालायचं नाही म्हणे! एलोदिया आणि पाणी घालणार नाही!"

"शिंच्यांनो, मी खरं सांगतेय!"

"हो हो, दोन्या. नका सांगू हवं तर."

एलोदिया संतापाने लाल झाली. तिने क्रूसाची शपथ घेतली, तेव्हा बायका म्हणाल्या, पाहा बाई कोमाद्रेसाठी किती झटते. तिने वेन्चेला साक्षीला बोलावलं. तो म्हणाला, "खरं आहे, खुनी आहे ही," आणि सगळं देऊळ हसलं. फिदेन्सियोने सरबताची पळी तिच्या हातात दिली आणि पुढच्या वर्षीचे चोवीस डबे तिच्या नावावर लिहून टाकले.

पायऱ्यांखालच्या अंगणात बाकावर पाय लांब करून बसलेल्या मिकाएलाला तिने पहिला पेला दिला.

"मी सांगितलं त्यांना," एलोदिया म्हणाली. "शपथेवर सांगितलं."

"ऐकू आलं इथपर्यंत," मिकाएला म्हणाली. "खरंच बोललात, कोमाद्रे. पण ते तुमच्या तोंडून निघालं, तिथेच पंचाईत झाली." तिने एक घोट घेतला. "आज साखर बरोबर आहे."

आरास उतरली तेव्हा मिकाएलाने मागेल त्या बाईला एकेक पान दिलं. आणि त्या आठवड्यात सान सिमोनच्या रस्त्यांवर एक नवं दृश्य दिसू लागलं. एलोदियाबाई दारोदार फिरत होती, कुंपणावरून वाकून ओरडत होती, "ए, ठेव ती बादली! भोकं पाड डब्याला! थेंब नको म्हटलं ना!" आणि आतली बाई डब्यावर भांडं रितं करत, समजल्यासारखा एक डोळा बारीक करून म्हणत होती, "कळलं हो दोन्या, कळलं. अगदी तुमच्यासारखंच करतेय!"